चिंचोक्यांचा हिशोब

व्यायाम हा शब्द आमच्याकडे दोनच ठिकाणी शोभतो असं मानतात: तालमीत आणि शाळेच्या वेळापत्रकात. तिसऱ्या कुणी तो उच्चारला की लोक त्याला रिकामटेकड्यात जमा करतात. कोंडलेल्या माणसांसाठी व्यायामाची ही पुस्तिका करायचं ठरलं तेव्हा आमचे क्रीडाशिक्षक मित्र शेजारच्या एका बाईंकडे गेले. बसल्या जागी करायचे चार प्रकार दाखवतो, पंधरा दिवस करा आणि कसं वाटतं ते सांगा, म्हणाले. बाईंनी पदर खोचला आणि विचारलं, "आवं सर, दिवसभर रानात वाकायचं, सांजच्याला चुलीपुढं वाकायचं, आन् वर आनिक तुमच्यासाठी वाकायचं व्हय?"

सर गप्प परत आले. तो प्रश्न मी वहीत उतरवून ठेवला आणि पुढचे कित्येक दिवस त्याच्याभोवती घुटमळत राहिलो. अंग मोडेपर्यंत कष्ट करणाऱ्या माणसाला व्यायाम सांगण्यात काही अर्थ आहे का? आणि अर्थ नसेल, तर तेच माणूस आजारपणामुळं, टाळेबंदीमुळं किंवा घरातल्या कुणाच्या शुश्रूषेमुळं चार भिंतींत अडकलं की महिन्याभरात मनानं का खचतं? ही प्रस्तावना त्या बाईंच्या प्रश्नाला दिलेलं लांबलेलं उत्तर आहे. उत्तर त्यांना पटेलच अशी खात्री नाही.

मोडनिंब हे मुळात जाण्यायेण्याचं गाव. पुण्याहून सोलापूरला जाणारा महामार्ग गावाला चाटून जातो. कुर्डुवाडीहून पंढरपूरकडं जाणारी रेल्वेही इथं थांबते. म्हातारी माणसं अजून तिला 'बार्शी लाइट'च म्हणतात आणि त्या छोट्या गाडीतून उतरून शेजारून चालल्याच्या गोष्टी सांगतात. हंगामात बोरांचा बाजार भरतो. लोकनाट्याच्या कला केंद्रांमुळं लांबलांबचे शौकीन येतात. पंढरपूर एका दिवसाच्या चालीवर. अशा गावाला घरात बसायला सांगणं म्हणजे ओढ्याला थांब म्हणण्यासारखं होतं.

२२ मार्च २०२० चा रविवार जनता कर्फ्यूत गेला आणि २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी लागली. गावोगावच्या शिवेवर बाभळीच्या फांद्या आणि दगड आडवे पडले. गाड्या बंद, बाजार बंद, तालमी बंद. चैत्र-वैशाखातल्या जत्रा रद्द झाल्या आणि त्यांच्याबरोबर जत्रांतले कुस्त्यांचे फडही. ज्या पोरांची वर्षाची खुराकी त्या फडांवर निघते, ती पोरं घराच्या माळवदावर एकटीच बैठका मारताना दिसायची. कला केंद्रांतल्या बायकांचे हाल वेगळेच. बैठक नाही म्हणजे पैसा नाही, आणि किलोकिलोचे चाळ बांधून उभं राहायची सवय असलेल्या पायांना कामही नाही. मुंबई-पुण्याहून परतलेल्यांना जिल्हा परिषदेच्या शाळांत १४ दिवस ठेवत. ज्या वर्गात आम्ही पाढे म्हणून घेतले, त्याच वर्गात मोठी माणसं फळ्याकडं तोंड करून दिवस मोजत बसली.

आणि त्याच दिवसांत महामार्गावरून माणसं चालत होती. डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू. कुणी कर्नाटकाकडं, कुणी तेलंगणाकडं, कुणी पार उत्तरेकडं. आम्ही दारात उभे राहून चालायला आसुसलो होतो आणि समोर माणसं चालून चालून मरणाला टेकली होती. 'चालण्यानं मन प्रसन्न होतं' असं छापील वाक्य मला तेव्हापासून सहन होत नाही. कुणाचं चालणं, कुठं, कुणाच्या मर्जीनं, एवढं विचारल्याशिवाय त्या वाक्याला काही किंमत नाही.

आषाढ जवळ आला तशी आमच्या आळीतल्या एका माळकरी आजोबांची घालमेल सुरू झाली. वय ऐंशीच्या घरात. लग्न झालं त्या वर्षापासून वारी चुकली नव्हती. त्या साली पालख्या निघाल्याच नाहीत. ३० जूनला मोजक्या माणसांबरोबर संतांच्या पादुका एसटीच्या बसनं पंढरीला गेल्या आणि १ जुलैची आषाढी एकादशी पंढरपूरकरांनी संचारबंदीत काढली. मंदिर मार्चपासून भाविकांना बंद होतं, ते उघडायला नोव्हेंबरातला पाडवा उजाडावा लागला. आजोबा जेवणावरून उठायचे, रात्री अंगणात बसून राहायचे, कुणाशी धड बोलायचे नाहीत. सुनेनं डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी झोपेची गोळी सुचवली. ती त्यांनी तुळशीत टाकली.

मग एका सकाळी ते आडापासून फाटकापर्यंत चालायला लागले. एका दिशेनं पंधरा पावलं. फाटकाला हात लावायचा, वळायचं, आडाच्या काठावर एक चिंचोका ठेवायचा. नातवानं गणित घातलं: पाऊल साधारण दोन फुटांचं, एक फेरी साठ फुटांची, पंढरपूर तीसेक किलोमीटर धरलं तर सोळाशे-सतराशे फेऱ्या. आजोबांनी त्याला अठरानं भागायला लावलं, कारण एकादशीला अठरा दिवस उरले होते. दिवसाला नव्वदेक फेऱ्या, पहाटे निम्म्या आणि उन्हं कलल्यावर निम्म्या. नव्वद फेऱ्या म्हणजे दोन किलोमीटरही भरत नाहीत. ज्या माणसानं आयुष्यभर दिवसाला वीस-वीस किलोमीटर तुडवले त्याला हा व्यायाम म्हणायचीही लाज वाटावी. पण चौथ्या-पाचव्या दिवसापासून ते जेवायला लागले. आठवड्यानं झोप परत आली. एकादशीच्या आदल्या दिवशी त्यांनी सुनेला सांगितलं, "वाखरी आली."

ही गोष्ट मी भक्तीची म्हणून सांगत नाही. भक्ती त्यांच्याकडं आधीही होती आणि तिच्यासकटच ते खचत चालले होते. फरक पडला तो पाय हलले, वेळ ठरली आणि मोजदाद सुरू झाली म्हणून. वारकऱ्यांच्या बोलीत याला एक नेमका शब्द आहे: नेम. कोंडलेल्या माणसाचा दिवस दुसरंच कुणीतरी ठरवत असतं. सरकार, जेलर, डॉक्टर, दुखणं, घरातली मोठी माणसं. त्यात अर्धा तास असा सापडतो की ज्याचा धनी तो स्वतः असतो. शरीराची हालचाल मनाला तारते ती या धनीपणामुळं, असं मला वाटतं. रक्ताभिसरण वगैरे आहेच, त्याच्याकडं मी पुढं येणार आहे.

याचा उत्तम दाखला विनोबांचा. एकदा त्यांना एकांतवासात ठेवलं होतं, आठ-नऊ फुटांच्या कोठडीत. लिहावाचायला काही नाही, बोलायला कुणी नाही. त्यांनी दिवसाची आखणी केली: इतके तास झोप, इतके ध्यान, आणि उरलेला वेळ चालणं. त्या तेवढ्याशा जागेत सावकाश, तोंडानं भजन म्हणत ते रोज दहा मैलांच्या आसपास चाल भरवत. पुढं १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ते दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. ती प्रवचनं घरोघर पोचली. कोठडीतली चाल मात्र फारशी कुणी सांगत नाही. माझ्या मते दोन्ही एकाच मुशीतली. १९५१ पासून भूदानासाठी हा माणूस देशभर वर्षानुवर्षं पायी हिंडला, त्याची तालीम आठ फुटांत झाली होती. सातासमुद्रापलीकडं रोबेन बेटावर नेल्सन मंडेला पहाटे कोठडीत जागच्या जागी पाऊण-पाऊण तास धावत, जोर काढत, बैठका मारत. अठरा वर्षं त्या बेटावर काढून ते तिथून निघाले तेव्हा डोकं शाबूत होतं. दोघांना एकमेकांच्या कोठडीची खबर नव्हती. तोडगा मात्र एकच सापडला.

आता याची दुसरी बाजू. तुरुंगात शरीराला हालचाल कमी पडते म्हणून मन खचतं असं म्हणावं, तर अंदमानचं काय करायचं? तिथं सेल्युलर जेलमध्ये राजबंद्यांना बैलासारखं कोलूला जुंपत. दिवसाला तीस पौंड खोबरेल काढलंच पाहिजे, नाहीतर शिक्षा. शरीर सकाळपासून संध्याकाळपर्यंत हलतच होतं. सावरकरांनी त्या कोलूचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्याच तुरुंगात १९१२ साली इंदुभूषण रॉय यांनी गळफास घेतला आणि उल्लासकर दत्त यांचं मानसिक संतुलन ढळलं. हालचाल भरपूर होती. पण तिच्यातलं एक पाऊलही त्यांचं स्वतःचं नव्हतं.

शेजारच्या बाईंच्या प्रश्नाचा धागा मला इथं सापडला. रानातलं वाकणं आणि चुलीपुढचं वाकणं हे काही कोलू नाही, पण ते त्यांच्या मर्जीचंही नाही. आजकाल जे अभ्यास होतात त्यांतूनही हेच पुढं येतं: फावल्या वेळात स्वतःच्या इच्छेनं केलेली हालचाल आणि मनाचं स्वास्थ्य यांचं नातं पक्कं दिसतं; घरकामाची किंवा पोटासाठी केलेल्या अंगमेहनतीची गोष्ट आली की ते नातं फिकट होतं. तेव्हा बाईंना मी एवढंच म्हणेन: तुमच्या अंगाला आणखी वाकण्याची गरज नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. गरज असेल तर दिवसातून वीस मिनिटं कुणासाठीही न वाकता हात वर करण्याची आहे.

औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना हे धनीपणाचं मर्म बरोबर उमगलं होतं. त्यांना आपण सूर्यनमस्कारांसाठी ओळखतो. स्वतः रोज घालत, राण्या-राजपुत्रांसकट सगळ्यांना घालायला लावत, संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सुरू केले, पुस्तकं लिहिली. त्यांचा दुसरा उद्योग तितकाच मोठा आणि तितकाच विसरलेला. १९३९ साली आटपाडीजवळ त्यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या अभियंत्याच्या साथीनं स्वतंत्रपूर वसवलं. खुनासारख्या गुन्ह्यांतले कैदी तिथं बेड्यांविना, भिंतींविना शेती करू लागले, पुढं बायकामुलांसह राहू लागले. याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला, कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि माडगूळकर त्याच आटपाडी भागातल्या शेटफळ्याचे. पडद्यावरचे सहा कैदी काल्पनिक, स्वतंत्रपूर मात्र आजही आहे. आमच्याकडून सांगोल्यावरून गेलं तर फार लांब नाही. कैद्याच्या हाती कुदळ कोलूच्या जेलरनंही दिली असती. इथं ती दिली तेव्हा तिच्याखालची ढेकळंही त्याच्या हवाली केली, फरक तेवढाच.

आमच्या आज्या-पणज्यांकडं वळलं की वाटतं, कोंडलेपणातल्या व्यायामाचं खरं शास्त्र त्यांनीच रचलं. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला बंदी, सासरी मान वर करायला बंदी, आणि तरी श्रावणातल्या मंगळागौरीच्या रात्री माजघरात काय चालायचं ते आठवा. फुगडी, बसफुगडी, झिम्मा, पिंगा, गाठोडं, कोंबडा, लाट्या. एकेक खेळ नीट बघितला तर त्यात मांड्या, पोटऱ्या, कंबर, पाठ, खांदे, श्वास, तोल, सगळं पद्धतशीर घेतलेलं दिसतं. बसफुगडीनं जी दमछाक होते ती आमच्या क्रीडाशिक्षकांनी एकदा तीन मिनिटं करून बघितली आणि पुन्हा त्या खेळाबद्दल हसून बोलले नाहीत. विशेष म्हणजे यातल्या एकाही खेळाला माजघरापेक्षा मोठी जागा लागत नाही. हादग्याचा फेर तर पाटावरच्या हत्तीभोवती. जागा कमी असण्याची तक्रार न करता जागेच्या मापाचे खेळ बेतले होते. आणि ते एकटीनं खेळायचे नाहीत. जोडीदारणीचा हात घट्ट धरल्याशिवाय फुगडी होत नाही. मागं झुकायचं तर समोरचीवर भार टाकावाच लागतो. मनाच्या औषधात याचा वाटा किती, ते कुठल्या यंत्रानं मोजणार?

जात्याचं मात्र मला नीट उकलत नाही. दळण ही सक्तीची मेहनत, भल्या पहाटेची, कुणी न विचारलेली. मी वर मांडलेल्या हिशोबानं ती मनाला जड व्हायला हवी होती. पण त्याच जात्यावर बायका पिढ्यानपिढ्या आपलं सगळं मन मोकळं करत आल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाच्या वर आहेत. माहेर, भाऊ, नवऱ्याचा मार, विठ्ठल, दुष्काळ, काही सुटलेलं नाही. म्हणजे काम दुसऱ्याचं, पण दांड्याची लय आणि तिच्यावर बसवलेले शब्द तिचे. कदाचित धनीपण असंही चोरून मिळवता येतं. अभ्यासकांनी यावर विचार करावा. मी भाषेचा मास्तर, मला ओवी थांबवून नाडी बघता येत नाही.

आता शरीराकडं. आमच्या पुस्तिकेत हे पुढं सविस्तर येतं, म्हणून इथं मोजकंच.

शरीर थांबवलं की ते किती लवकर ढासळतं याचा एक जुना प्रयोग आहे. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे नुसतं अंथरुणावर पडायला लावलं. तीस वर्षांनी तेच पाचजण पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयानं त्यांच्या दमसासाचं जेवढं नुकसान केलं होतं, त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांनी केलं होतं. अंतराळस्थानकावर राहणारे अंतराळवीर दिवसाला दोन-अडीच तास व्यायामाला देतात, तो काही छंद नाही. वजनच नसलेल्या जागेत हाडं आणि स्नायू आपलं काम विसरू लागतात.

मनाचंही तसंच. आपण मन आणि शरीर असे दोन शब्द वापरतो म्हणून ती दोन खोल्यांत राहतात असं नाही. दिवसभर एका जागी बसलं, त्यात चिंता, त्यात बातम्या, की शरीर संकटाच्या तयारीत राहतं. कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं चढलेली, श्वास उथळ, खांदे आवळलेले. पळायची किंवा झुंजायची तयारी झालेली असते पण पळायलाही जागा नाही आणि झुंजायलाही कुणी नाही. वीस मिनिटं घाम येईतो हालचाल केली की ती चढलेली दोरी सैल पडते. मेंदूत चेतापेशींच्या वाढीला खत घालणारी द्रव्यं वाढतात. सकाळच्या उजेडात हालचाल केली तर शरीराचं घड्याळ जागेवर येतं आणि रात्री झोप लागते. आणि झोप ही मनाची निम्मी तब्येत.

२०११ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात पंचावन्नच्या पुढच्या १२० माणसांचे दोन गट केले. एका गटानं वर्षभर, आठवड्यातून तीनदा, चाळीस मिनिटांपर्यंत चालायचं. दुसऱ्यानं अंग ताणण्याचे सौम्य प्रकार करायचे. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग असतो, स्मरणाशी आणि मनःस्थितीशी जोडलेला, वयाबरोबर आकसणारा. चालणाऱ्यांमध्ये तो सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटात घटला. त्याआधी १९९९ साली ड्यूक विद्यापीठातल्या जेम्स ब्लुमेंथाल यांनी नैराश्य असलेल्या, पन्नाशीपुढच्या १५६ जणांना तीन गटांत विभागलं: काहींना औषध, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही. औषधाचा गुण आधी दिसला, पण सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गट जवळपास बरोबरीला आले. या अभ्यासाचा आधार घेऊन 'गोळ्या फेका, चाला' असं सांगणारे वक्ते मी ऐकले आहेत. तो या अभ्यासाचा अर्थ नाही. त्यात माणसांना ठरलेल्या वेळी, देखरेखीखाली, गटानं व्यायाम करायला बोलावत होते. त्यातला नेम आणि सोबत काढून नुसतं चालणं उचललं तर काय उरेल, मी सांगू शकत नाही.

म्हणून एक गोष्ट ठासून. आमच्या आजोबांनी गोळी तुळशीत टाकली, ते मी घडलं तसं सांगितलं, अनुकरणासाठी नव्हे. ज्याला आठवडेच्या आठवडे काही गोड लागत नाही, जगणं नकोसं वाटतं, भलतेसलते आवाज ऐकू येतात, त्याला फेऱ्या मारायला सांगणं हा अपराध आहे. त्यानं डॉक्टरकडं जावं, आणि ते लगेच जमत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर बोलावं. तिथं मराठीतूनही बोलता येतं. महासाथीच्या पहिल्याच वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचं प्रमाण पंचवीस टक्क्यांनी वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं. एवढ्या सगळ्यांना आडापासून फाटकापर्यंतची फेरी पुरणार नव्हती.

टाळेबंदी उठून वर्षं झाली, मग आता ही पुस्तिका कशाला, असं पुस्तिकेच्या बैठकीत आमच्यातल्या एका सदस्यानं विचारलं. मी त्यांना आमच्याच आळीत मोजायला लावलं. खुब्याचं हाड मोडून तीन महिने खाटेवर असलेल्या आजी. बाळंतीण होऊन सव्वा महिना आतल्या खोलीत असलेली लेक. अर्धांगानं पडलेल्या सासऱ्यांपाशी दोन वर्षं बसून असलेली सून; खरं म्हणजे आजाऱ्याइतकीच ती कोंडलेली, पण तिची कुणी विचारपूस करत नाही. पुण्यात दहा बाय दहाच्या खोलीत तिघांत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा पोरगा, जो दिवाळीला आला की कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. एका आळीत चार. सदस्य म्हणाले, पाचवा मी, निवृत्त झाल्यापासून टीव्हीपुढचा.

प्लेगच्या काळात कोंडणं वेगळं होतं, असं आमच्या आजोळी सांगत. तेव्हा साथ आली की गाव मोकळं करून माणसं रानात झोपड्या घालून राहत. वस्ती सुटली तरी पायाखाली रान असे, गुरं असत, पाणी आणायला चालावं लागे. आमच्या वाट्याला उलटं आलं. सगळं बाहेर राहिलं आणि आम्ही आत. त्या आतल्यासाठी आपल्याकडं तयार रीत नव्हती, ती चाचपडत जुळवावी लागली. पुढच्या पानांत त्या चाचपडण्यातलं जे टिकलं ते आहे.

मांडणी सोपी ठेवली आहे. पहिला भाग अंथरुणावर आणि खुर्चीत करायचा: घोटे, पंजे, श्वास, खुर्चीतून उठणं-बसणं. दुसरा भाग एका खोलीचा. त्यात सूर्यनमस्कार आहेत, पण गुडघेदुखी असलेल्यांसाठी भिंतीला धरून करायचा प्रकारही दिला आहे. पंतप्रतिनिधींना तो रुचला नसता. मंगळागौरीच्या खेळांचं प्रकरण आमच्या एका आशाताईंनी त्यांच्या सासूबाईंकडून शिकून लिहिलं. टाळेबंदीत या आशाताई मात्र घरोघर वणवण चालत होत्या, आणि त्यांचं त्याबद्दलचं मत या प्रस्तावनेत छापण्यासारखं नाही. तिसरा भाग अंगणाचा, फेऱ्यांचा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. तो आकडा आम्ही मुद्दाम शेवटच्या पानावर ढकलला. खाटेवरच्या माणसाला १५० हा आकडा आधी दाखवला तर तो कूस बदलून झोपतो. आमच्याकडं सुरुवात पाच फेऱ्यांनी आहे.

एका बाबतीत आमचं जमलं नाही. क्रीडाशिक्षकांचं म्हणणं, मोबाइलवर पावलं मोजली जातात, तेच वापरावं, आकडा अचूक येतो. माझं म्हणणं, चिंचोके वापरावेत. आकडा अचूक आला नाही तरी चालेल. प्रत्येक फेरीला वाकून एक बी उचलावं लागतं आणि ढीग वाढताना घरातली पोरं येऊन विचारतात की आता कुठपर्यंत आलं. बैठकीत मत घेतलं तेव्हा बरोबरी झाली. शेवटी पुस्तिकेत दोन्ही दिलं आहे.

आडावरचे ते चिंचोके सुनेनं दसऱ्याच्या झाडलोटीत गोळा करून एका बरणीत भरले. पुढच्या वर्षी, २०२१ साली, वारी पुन्हा बसनंच गेली, तेव्हा आजोबांनी ती बरणी मागून घेतली. नातवानं विचारलं, मोजून देऊ का. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मागल्या साली जरा जास्तच चाललो व्हतो, परतीचंबी धर त्यात."

मोडनिंब,
ज्येष्ठ